ओढायचं औषध

"बाबा, ही गिळायची नाही," शाझिया म्हणाली, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या दिपमालाच्या हातातली भाजीची पिशवी निसटता निसटता राहिली.

तसं घडलं काहीच नव्हतं. ऑफिस सुटल्यावर दिपमाला नेहमीसारखी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये थांबली होती. ललितच्या, तिच्या नवऱ्याच्या, रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. तिच्या पुढे रावेरकडचा एक म्हातारा होता. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, खांद्यावर उपरणं, आणि दर वाक्यानंतर थांबून घेतलेला तो श्वास, जो तिला डोळे मिटूनही ओळखता आला असता. काउंटरमागची शाझिया, डोक्याला हिरवा स्कार्फ बांधलेली, नुकतीच फार्मसी होऊन कामाला लागलेली मुलगी, त्याला शांतपणे समजावत होती. एका हातात पारदर्शक कॅप्सूल, दुसऱ्या हातात प्लास्टिकचं बोटभर यंत्र. कॅप्सूल यात घालायची, असं फिरवायचं, आत ती फुटते. आधी सगळा श्वास बाहेर सोडायचा, मग हे ओठांत घट्ट धरायचं आणि जोरात आत ओढायचं. थोडा वेळ दम रोखून धरायचा. मग चूळ भरायची. "ही पोटाची गोळी नाही, बाबा. हे छातीचं औषध आहे. आत भुकटी असते, ती श्वासाबरोबर खाली गेली पाहिजे. गिळली तर छातीत पोहोचतच नाही." म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत हसला. "म्हंजे म्या त महिनाभर पान्यासंगं गियतच राह्यलो," तो म्हणाला. 'ळ'चा 'य' करणारी त्याची बोली ऐकून मागचा एक कॉलेजातला पोरगा हसला, शाझियाही हसली, म्हातारा खोकत खोकत त्यांच्यात सामील झाला. दिपमाला हसली नाही. ती त्या कॅप्सूलकडे पाहत होती. अर्धी पारदर्शक, अर्धी फिकट, आत चिमूटभर पांढरं. तिने ती शेकडो वेळा हातात धरली होती. चांदीच्या कागदातून अंगठ्याने दाबून काढली होती, आबांच्या, तिच्या वडिलांच्या, तळहातावर ठेवली होती, आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला होता.

ललितच्या गोळ्या न घेताच ती घरी निघाली. रस्त्यात कुणीतरी तिला हाक मारली, ऑफिसातलंच कुणीतरी, तिने मान हलवली असावी. डोक्यात काही विचार चालला होता असं म्हणता येणार नाही. मन एखाद्या बंद पडलेल्या चक्कीसारखं झालं होतं, पट्टा फिरतो आहे आणि दगड हलत नाही. घरी पोचल्यावर ललितने गोळ्यांचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, दुकानात गर्दी होती, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. पाण्याचा आवाज तिला बरा वाटला. त्या आवाजाखाली हळूहळू धुळ्याची ती दुपार वर आली.

तेव्हा तिची बदली धुळ्याला होती. पाटबंधारे खात्यात ती लिपिक, कागद वाचणं हेच तिचं काम. एकही मुद्दा तिच्या नजरेतून सुटत नाही असं साहेब म्हणायचे. आबा, म्हणजे झुलाल, धरणगावच्या जिनिंगमध्ये उभा जन्म कापूस यंत्रात लोटत आले. घरी परतले की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, छातीवरच्या केसांत पांढरा तंतू बसलेला असायचा आणि लहानपणी ती तो चिमटीने काढायची. आबा डोळे मिटून बसायचे. माय म्हणायची, बाप शे का कापूस उडाडस ते रुईनं बोंड शे. तो तंतू आतही बसत होता हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. जिनिंगचं काम सुटलं आणि दम लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग नुसतं अंगरखा घालतानाही. धरणगावच्या डॉक्टरांची लाल बाटली झाली, आयुर्वेदिक चाटण झालं, कुणीतरी सांगितलेलं अडुळशाचं झालं. शेवटी तिनेच त्यांना धुळ्याला आणलं. छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नंबर लावून सकाळपासून बसवलं. डॉक्टरांनी तपासलं, भराभर लिहिलं, तोंडाने म्हणाले, सकाळ-संध्याकाळ एकेक, बंद करायचं नाही. पुढचा पेशंट आत शिरलेलाच होता. खालच्या औषधवाल्याने कॅप्सूलच्या पट्ट्या दिल्या आणि चिठ्ठीवरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हे संपलंय, परवा येईल. तिला वाटलं, असेल एखादं ताकदीचं सिरप. आबांची धरणगावची गाडी चुकत होती. तिने स्टँडवर त्यांना बाकावर बसवलं, पट्टीतून पहिली कॅप्सूल काढली, पाण्याची बाटली उघडली. "आबा, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पाण्याबरोबर." ते शेवटचे दोन शब्द डॉक्टरांचे नव्हते. चिठ्ठीतही नव्हते. ते तिचे होते. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की ते कुठेतरी लिहिलेलं होतं.

परवा आला आणि गेला. ती दुसरी ओळ त्या यंत्राचीच असणार. दुसऱ्या ओळीची आठवण तिला एकदा झाली होती, हे आता नळाखाली हात धरून उभी असताना तिला स्पष्ट आठवलं. ऑफिसात, कुठल्याशा कालव्याच्या फाईलवर मान घालून बसली असताना. मग फाईल पुढे सरकली. जळगावला बदली झाली, पट्ट्या जळगावातून घेऊन ती धरणगावला पाठवू लागली. कधी एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर, कधी स्वतः नेऊन. दुकानदार पट्टी ओळखायचे, काढून द्यायचे. कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आबा फोनवर म्हणायचे, "गुन शे, दिपा. तुन्या गोळीले गुन शे." आणि शब्दांच्या मधल्या दमाच्या त्या खाचा ऐकूनही ती समाधानाने फोन ठेवायची. आजार मोठा आहे, वय झालंय, निदान औषध तरी चांगलं चालू आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती परत त्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. शाझिया डबा खात होती, तिला पाहून उठू लागली, तर दिपमालाने हातानेच बस म्हटलं. तिने ललितच्या गोळ्या मागितल्या, त्या पिशवीत टाकल्या, आणि मग जणू सहज आठवलं म्हणून विचारलं की ती कालची कॅप्सूल एखाद्याने वर्षानुवर्षं गिळलीच, तर काय होतं.

"काही होत नाही, मॅडम," शाझिया म्हणाली. "पुष्कळ जण गिळतात. अपाय नाही काही. फक्त उपयोग नाही."

तिने ते दिलासा देण्यासाठी म्हटलं होतं. दिपमालाने तिचे आभार मानले. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावरच्या गाड्यांच्या कडा दिसत नव्हत्या. अपाय नाही, उपयोग नाही. विष दिलं असतं तर निदान कुणीतरी तिला पकडलं असतं, असा एक विचित्र विचार तिच्या मनात येऊन गेला. आबा गेले त्याला दोन उन्हाळे झाले होते. त्या दोन उन्हाळ्यांत तिने दुःख केलं होतं, पण ते स्वच्छ दुःख होतं. सगळं केलं, हातचं राखलं नाही, असं म्हणता येणारं. भावकीतल्या बायका सांत्वनाला आल्या तेव्हा त्यांनीही तेच म्हटलं होतं, लेकीने बापाची अशी सेवा केलेली पाहिली नाही. आता त्या बायका एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे येऊन बसत होत्या.

तिने ललितला सांगितलं. जेवणं झाल्यावर, ताटं उचलता उचलता, जणू दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. ललित चांगला माणूस. त्याने ताट खाली ठेवलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला की तेव्हा कुणाला माहीत होतं, डॉक्टरने सांगायला हवं होतं, आणि आबांचा आजार बरा होणारा नव्हताच. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण शेवटच्या हिवाळ्याचं काय करायचं, हे त्याच्या बोलण्यात कुठे बसत नव्हतं. कारण त्या हिवाळ्यात आबा सुधारले होते. दिवाळीनंतर ती धरणगावला गेली तेव्हा ते घरात नव्हते. बाजाराला गेलेत म्हणून मायने सांगितलं, पायी. ती धावत बाहेर गेली तर ते रस्त्याने येत होते, हातात मेथीची जुडी, चाल सावकाश पण अखंड. कोपऱ्यावर उभं राहून एका ओळखीच्याशी बोललेही, आणि मध्ये खाच पडली नाही. तिला किती आनंद झाला होता. ऑफिसात तिने सगळ्यांना सांगितलं, धीर धरावा लागतो, औषध हळूहळू लागू पडतं. जर गिळलेल्या कॅप्सूलचा उपयोग नव्हता, तर तो हिवाळा कुठून आला होता?

आणि मग वास्तुशांत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडं आधी, तिच्या आणि ललितच्या नव्या घराची. आबा एकटेच आले होते, दोन दिवस आधी. नवलच्या, तिच्या धाकट्या भावाच्या, बायकोचे दिवस भरत आले होते म्हणून माय मागे राहिली. आबांनी सगळं घर फिरून पाहिलं, भिंतींवर हात ठेवून पाहिला, नव्या रंगाच्या वासाने खोकले आणि हसले. सकाळी ती कॅप्सूल घेऊन गेली की हात पुढे करायचे, लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून गिळल्याचं दाखवायचे. तिला ती गंमत वाटायची. वास्तूच्या दिवशी होमाजवळ मानाच्या पाटावर तिनेच त्यांना बसवलं. धूर दाटला, खिडक्यांना नवे पडदे होते. जेवणाच्या पंगती चालू असताना कुणीतरी तिला बोलावलं, आबा मागच्या खोलीत पलंगाची कड धरून वाकून बसले होते, खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडत होते. ललित दवाखान्याला वर्दी द्यायला मोटारसायकलवर पुढे गेला. रिक्षात मागे ती आणि आबा. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा ते तिच्या खांद्यावर जड झाले होते.

रविवारी ती धरणगावच्या गाडीत बसली. मायला सांगायचं, एवढंच ठरवलेलं होतं. सांगून काय साधायचं हे ठरवलेलं नव्हतं. खिडकीतून कापसाची मोकळी रानं सरकत होती, पऱ्हाट्या उपटून बांधाला रचलेल्या. ती मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य ऑफिसच्या टिपणीसारखं होत होतं. असे निदर्शनास आले आहे की. तिला हसू आलं, आणि शेजारची बाई बघते आहे हे जाणवून तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

माय मागच्या ओट्यावर सावलीत तूर पाखडत बसली होती. नवल आणि सून लहानग्याला घेऊन सुनेच्या माहेरी गेले होते. माय, भिकुबाई, आता लहान झाली होती, पोलक्याच्या बाह्या दंडावर सैल. तिने लेकीकडे एकदा पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि चहाला उठली. चहा झाला. पोरांची, ललितची, नव्या घराच्या ओलीची चौकशी झाली. मग दिपमालाने, बसमधलं एकही वाक्य न वापरता, सरळ सांगितलं. आबांची गोळी गिळायची नव्हती, माय. ती मशीनमध्ये घालून श्वासाने ओढायची होती. मीच चुकीचं सांगितलं.

भिकुबाईने सूप पुन्हा पुढ्यात घेतलं. बोटाने एक खडा वेगळा केला.

"आते तुले कोनी सांगं?" तिने विचारलं.

त्या प्रश्नात आश्चर्य नव्हतं. दिपमालाला ते कळायला क्षणभर लागलं. तिने मायच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मायने पदर सारखा केला.

मग भिकुबाईने सांगितलं, तुकड्यातुकड्याने, मधेच तूर चाळत. दिवाळीच्या आधी जिनिंगच्या आवारात छातीचं शिबिर भरलं होतं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. आबा सवंगड्यांबरोबर गेले. तिथल्या एका डॉक्टरीण बाईने औषध बघितलं आणि म्हणाली, घेऊन दाखवा बरं. आबांनी पाणी मागितलं. आजूबाजूचे हसले. ती बाई हसली नाही. तिने त्यांना जवळ बसवून घेतलं, मशीन दिलं, चार-चारदा करून घेतलं. घरी येऊन त्यांनी मायला करून दाखवलं, आणि आठवड्यातच फरक पडला. पंधरवड्याने बाजारापर्यंत जाऊ लागले. माय म्हणाली होती, दिपाला फोन करा, तिला सांगा. तेव्हा आबा प्रथमच चिडले.

"त्या म्हनेत, तिले सांगू नको," भिकुबाई म्हणाली. "तिनी येवढ्या मायेनं गोळ्या धाड्यात. तिले कळनं तं जल्मभर तिना जीवले लागी. म्हनेत, तिनासमोर मी गिळी लेसू. एखाद्या रोजनी काय होस?"

आणि म्हणून ती जेव्हा जेव्हा यायची तेव्हा मशीन कोनाड्यात डब्यामागे जायचं. तिच्यासमोर आबा पाणी मागायचे. जीभ काढून दाखवायचे. ती परत गेली की माय डबा सरकवायची.

"वास्तूले जावानं व्हतं तव्हय मी थैलीमा टाकं व्हतं," माय म्हणाली. तिचा आवाज खाली उतरला होता. "त्यासनी काढी ठेवं. म्हनेत, पोरनं नवं घर, बठ्ठा पाव्हणा, तिनी देखं तं? तीन रोजनी तं गोट शे. माले पुन्हा टाकता येतं. त्या आंगोळले गयथात. मी हातमा लिधं बी व्हतं. आन ठी दिधं."

अंगणातल्या कडुनिंबाची सावली ओट्यावरून सरकून मायच्या पायांवर आली होती. दिपमालाला वाटत होतं की हे ऐकून काहीतरी फुटेल, रडू किंवा राग. पण आत फक्त एक विस्तीर्ण, कोरडी जागा झाली होती आणि तिथे आबा जीभ बाहेर काढून उभे होते, मिश्कील डोळ्यांनी, लेकीचं मन राखत. तिला राग आला तो क्षणभर त्यांचाच. कुणी सांगितलं होतं त्यांना एवढं जपायला. मग तिच्या लक्षात आलं की माय दोन उन्हाळे हे एकटीने घेऊन बसली आहे. दर भेटीत लेकीला जेवू घालताना, पाठवणी करताना, नवलच्या पोराला मांडीवर खेळवताना. हातात घेतलेलं आणि ठेवून दिलेलं. मायचा दोष काय आणि आपला काय, हे मोजायला बसलं तर दोघींच्या हाती काय येणार होतं.

मशीन कुठे आहे, असं तिने विचारलं. विचारायचं म्हणून.

भिकुबाई म्हणाली, अस्थी न्यायच्या वेळी तिने ते आबांच्या चष्म्याबरोबर फडक्यात घातलं. नवलला वाटलं असेल काही डबीबिबी. तापीत गेलं. "कोनाले देतू? आन घरमा कशी ठेवतू?" तिने हात पुसले. मग, लेकीला ते कसं होतं हे ठाऊक नसावं असं वाटून, तिने उजव्या हाताची मूठ वळली. वर थोडी फट ठेवली. "आसं धरेत," ती म्हणाली, आणि मूठ ओठांना लावून, गाल आत घेऊन, तिने हवा ओढली. डोळे मिटून थांबली. म्हाताऱ्या चेहऱ्यावर क्षणभर आबांचाच चेहरा आला.

दिपमाला ओट्याची कड घट्ट धरून बसली.

रिक्षा. मागच्या सीटवर आबा तिला टेकलेले, आणि त्यांना बोलता येत नव्हतं. शिवाजी पुतळ्याच्या पुढे गर्दी होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आबांनी तिच्या मनगटावर चापट मारून तिचं लक्ष वेधलं होतं. उजव्या हाताची मूठ वळून ओठांना लावली होती, आणि गाल आत ओढले होते. पुन्हा एकदा. डोळे तिच्या डोळ्यांत. तेव्हा त्यांनी लपवायचं सोडून दिलं होतं. ते तिला सांगत होते, मागत होते. आणि तिला वाटलं होतं, तहान. तिने पिशवीतून बाटली काढली होती, त्यांची मान आपल्या दंडावर घेऊन पाणी ओतलं होतं. ते हनुवटीवरून, नव्या सदऱ्यावरून ओघळलं. त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. तिने पुन्हा ओतलं. दुसऱ्यांदा त्यांनी मान हलवली नाही. तिच्याकडे बघत त्यांनी ते पाणी तोंडात घेतलं आणि गिळलं.

"दिपा," माय म्हणाली. ती लेकीकडे नाही, अंगणाकडे बघत होती. हे विचारायला तिला दोन वर्षं लागली होती, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. "तू व्हतीस ना त्यासनापाशी. मी नव्हतू. शेवटले त्यासनी काही मांगं का?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज दूर जाईपर्यंत दिपमाला थांबली. मग तिने मायच्या बोलीत, घरच्या आवाजात उत्तर दिलं.

"पानी मांगं, माय. मी पाजं."

भिकुबाईने डोळ्यांना पदर लावला. मग तिचे खांदे सैल झाले, आणि ती हळूच म्हणाली, "मंग बरं झायं. लेकना हातनं पानी तं मिळनं."

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. दिपमाला तिच्याजवळ सरकून बसली आणि तुरीतले खडे वेचू लागली.